विश्लेषण : ‘नाच रे मोरा’ची चाल कोणाची? पेटीवाले पुलं, त्यांचा रंगमंच आणि रत्नागिरी

रत्नागिरी : घरातल्या कोणालाही विचारून बघा, ‘नाच रे मोरा’ कोणाचे? आशा भोसलेंचे नाव लगेच येईल. थोडा विचार केला तर गीतकार म्हणून गदिमाही आठवतील. पण चाल कोणाची, असे विचारले की बहुतेक जण थांबतात. ती चाल पु. ल. देशपांडे यांची आहे. चित्रपट ‘देवबाप्पा’, साल १९५३.

पुलं गेले त्याला २५ वर्षे उलटून गेली. तरी आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या नावाचा मेसेज कुठल्यातरी फॅमिली ग्रुपवर येतोच. त्यातला प्रत्येक विनोद त्यांचाच असतो असे नाही. सकाळच्या शुभेच्छांखाली कोणीही त्यांचे नाव चिकटवून देते. म्हणून या लेखात त्यांचे एकही वाक्य दिलेले नाही. विनोद तुमच्या फोनमध्ये आधीच आहेत. इथे प्रश्न वेगळा आहे : हा माणूस नेमके काय काम करत होता? आणि त्यातले काय उरले, काय त्या त्या संध्याकाळबरोबर संपले?

आठ आण्यांचे लग्न

रत्नागिरीकरांसाठी ही गोष्ट १९४६ मध्ये सुरू होते. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवणारे दोन तरुण शिक्षक लग्न करायचे ठरवतात. मुलगी रत्नागिरीच्या ठाकूर वकिलांची. सुनीता ठाकूर, जन्म १९२६ चा, १९४२ च्या चळवळीत उतरलेली. मुलगा मुंबईचा, पेटी वाजवणारा, खिशात फारसे काही नसलेला. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने लग्न झाले. बँडबाजा नाही, मानपान नाही. खर्च म्हणजे नोंदणीच्या फॉर्मचे आठ आणे.

आज रत्नागिरीत हॉल बुक करायला गेलात तर हा आकडा कोणी खरा मानणार नाही. पण तो लक्षात ठेवा. पुढच्या ५४ वर्षांत या जोडप्याने पैशाशी ठेवलेला व्यवहार त्यातूनच कळतो.

आधी पेटी, मग बाकी सगळे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतल्या गावदेवीचा. वाढले जोगेश्वरी आणि पार्ल्यात, शाळा पार्ले टिळक. आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ मराठीत अभंगरूपात आणली होती. घरात गाणे होते, पेटी होती. लहान वयात बालगंधर्वांसमोर पेटी वाजवल्याचा त्यांचा किस्सा प्रसिद्ध आहे.

पुलंच्या चरित्रात पेटीचा उल्लेख सहसा छंद म्हणून येतो. लेखक होते, नाटककार होते, शिवाय पेटीही छान वाजवायचे, अशा थाटात. मला हा क्रम उलटा वाटतो.

साथीला बसलेला पेटीवाला काय करतो ते पाहा. गायक पुढच्या क्षणी कुठे जाणार, हे त्याला माहीत नसते. बंदिश ठरलेली, राग ठरलेला, पण तान कुठून उठेल आणि कुठे उतरेल हे आधी ठरत नाही. पेटीवाला कान लावून बसतो, अर्ध्या पावलाने मागून येतो. गायक श्वास घ्यायला थांबला की ती जागा भरतो आणि तो पुन्हा सुरू झाला की बाजूला होतो. कधी वाजवायचे यापेक्षा कधी हात उचलायचा, हे त्याला जास्त कळावे लागते. त्यात पेटीला मींड नाही. गळ्यातून सरकत जाणारा स्वर पट्ट्यांवर मिळत नाही, तो नुसता सुचवावा लागतो.

आता विनोद सांगणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. हसू कुठे फुटेल, किती वेळ टिकेल, मागच्या रांगेपर्यंत कधी पोहोचेल, हे त्यालाही माहीत नसते. हशा चालू असताना पुढचे वाक्य टाकले तर ते वाया जाते. हशा पूर्ण ओसरल्यावर टाकले तर सभागृह थंड झालेले असते. मधली ती जागा कानानेच शोधावी लागते. पुलं प्रेक्षकांकडे गायकाकडे पाहावे तसे पाहत. वसंतराव देशपांडे आणि कुमार गंधर्व या मित्रांच्या सहवासात, मैफलींत जे शिकले, तेच रंगमंचावर वापरले.

सहा वर्षांचा सिनेमा

शिक्षण फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डनमध्ये झाले. मध्ये कायद्याचा अभ्यासही झाला. कारकुनी केली, शाळेत शिकवले, बेळगावला प्राध्यापकी केली. याच बेळगावच्या दिवसांनी त्यांना ‘रावसाहेब’ दिला. कानडी वळणाचे मराठी, तोंडात शिव्या आणि गाण्यावर जीव, असा तो माणूस.

चित्रपटांत ते १९४७ च्या ‘कुबेर’पासून दिसतात. १९४८ च्या ‘वंदे मातरम्’मध्ये तर पुलं आणि सुनीताबाई दोघेही पडद्यावर आहेत. पुढच्या काही वर्षांत अभिनय, पटकथा, संवाद, संगीत असे जे लागेल ते काम त्यांनी केले. मग १९५३ मध्ये ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळे त्यांचेच. सबकुछ पुलं ही शब्दजोडी या चित्रपटाशी कायमची जोडली गेली.

याच चित्रपटात ‘इंद्रायणी काठी’ आहे. शब्द गदिमांचे, आवाज भीमसेन जोशींचा, चाल पुलंची. एका विनोदी चित्रपटातले हे गाणे आज आषाढीला भजनी मंडळे म्हणतात आणि अनेकांना ते संतांचेच वाटते. संगीतकाराला याहून मोठी दाद कोणती? आणि याहून मोठे विस्मरण तरी कोणते?

म्हणजे ‘नाच रे मोरा’ आणि ‘इंद्रायणी काठी’ एकाच वर्षाची, एकाच संगीतकाराची. एक शिशुवर्गात, दुसरे वारीत. राजा बढे यांचे शब्द आणि ज्योत्स्ना भोळे यांचा आवाज असलेले ‘माझिया माहेरा जा’ हेही पुलंच्याच चालीचे. तिन्ही चाली सोप्या वाटतात. साध्या गळ्याने म्हणता येतात, शब्दावर चढून बसत नाहीत. साथीदाराचा स्वभाव इथेही दिसतो. चाल पुढे येऊन मिरवत नाही, शब्दाला वाट करून देते.

‘गुळाचा गणपती’नंतर मात्र पुलं चित्रपट दिग्दर्शनाकडे पुन्हा वळले नाहीत. वय ३४. हातात जमलेले काम असताना ते सोडून देण्याची ही पहिली मोठी वेळ.

ज्या घरात पेटीलाच बंदी

१९५५ मध्ये ते आकाशवाणीत रुजू झाले, आणि इथे एक गंमत आहे. आकाशवाणीने १९४० पासून पेटीच्या साथीवर बंदी घातली होती. पेटीचे स्वर ठोकळेबाज आहेत, भारतीय संगीताला ते मानवत नाहीत, असा युक्तिवाद होता. बंदी सैल झाली ती १९७१ मध्ये. म्हणजे ज्या माणसाचा पहिला जीव पेटी, तो अशा संस्थेत नोकरी करत होता जिथे ते वाद्य साथीला चालत नव्हते.

तरी काम थांबले नाही. मंगेश पाडगावकरांच्या ‘बिल्हण’ या संगीतिकेला त्यांनी संगीत दिले. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातले ‘शब्दावाचून कळले सारे’ हीदेखील पाडगावकर आणि पुलं यांचीच जोडी. पुढे युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते बीबीसीत दूरचित्रवाणी शिकायला गेले. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ हे पुस्तक निघाले. १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हाच्या सुरुवातीच्या निर्मात्यांमध्ये ते होते. देशात टीव्ही संच बोटांवर मोजण्याइतके असताना हे काम त्यांच्या हातात होते. तिथे राहिले असते तर मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले असते. पण तीही नोकरी त्यांनी सोडली.

एक माणूस, रिकामा रंगमंच

नाटककार म्हणून नाव आधीच झाले होते. गोगोलच्या नाटकावरून घेतलेला ‘अंमलदार’ होता, १९५७ चे ‘तुझे आहे तुजपाशी’ होते. पण पुढच्या दशकात त्यांनी जे केले ते मराठी रंगभूमीला नवे होते. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक त्यांनी १९६१ मध्ये एकट्याने रंगमंचावर उभे केले. नेपथ्याचा पसारा नाही, सोबतीला नट नाहीत. एकाच माणसाच्या आवाजात आणि हालचालीत गिरगावातली अख्खी चाळ.

याला काय म्हणायचे? नाटक म्हणावे तर पात्रे नाहीत. कथाकथन म्हणावे तर माणूस नुसता बसून सांगत नाही. शेवटी ‘बहुरूपी’ हा शब्द रुळला. पाश्चात्त्य देशांत आता स्टँडअप आणि इम्प्रोव्ह असे दोन वेगळे कप्पे असतात. पहिल्यात मजकूर लिहून घासूनपुसून आणलेला असतो, दुसऱ्यात तो तिथल्या तिथे जन्मतो. पुलंना यातल्या एकाच कप्प्यात बसवता येत नाही.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला इंग्रजी शब्द लागत नाहीत. दशावतार आठवा. (१९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत दशावताराचा तो मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता.) दशावतारात लिखित संहिता नसते. खेळाआधी आख्यान ठरते, कोण कोणते सोंग घेणार ते ठरते, आणि मग संवाद नट जागेवर रचतात. संकासुराचा विनोद तर समोर कोण बसले आहे यावरच चालतो. गावच्या सरपंचाला चिमटा काढायचा असेल तर तो त्याच रात्री सुचतो आणि त्याच रात्री संपतो. आपल्याकडच्या नमन-खेळ्यांतही तेच. घाटावरच्या तमाशात याला बतावणी म्हणतात.

पुलंना ही परंपरा नीट माहीत होती. ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य त्यांनी लिहिले. पुढे १९७८ मध्ये ब्रेख्तच्या नाटकाचे मराठी रूप करताना त्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ असे नाव दिले, ते नुसते यमक म्हणून नव्हे. पण त्यांची स्वतःची पद्धत दशावतारी नटाची नव्हती. ते लिहीत, आणि काटेकोर लिहीत. हातात वाक्य पक्के असे, मोकळी असे ती त्याची लय. कुठे थांबायचे, कोणता शब्द लांबवायचे, कोणत्या पात्राचा आवाज आज थोडा वर लावायचा, हे समोरच्या सभागृहावर ठरे. पक्की बंदिश आणि मोकळी बढत. गाणाऱ्याला हे लगेच कळेल. पूर्ण उत्स्फूर्त पुलं पाहायचे तर भाषणे आणि मित्रांच्या मैफली. तिथे ते समोरच्या शब्दातूनच पुढचा विनोद काढत. ती संपत्ती बहुतेक तिथेच विरली.

१९६२ च्या ‘वाऱ्यावरची वरात’मध्ये त्यांनी एकट्याऐवजी अख्खा संच उभा केला. श्रीकांत मोघे यांच्यासारखे नट त्यात होते, सुनीताबाईही होत्या. लेखक, दिग्दर्शक, नट आणि संगीताची बाजू पाहणारा माणूस एकच. १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’चे दिग्दर्शन केले. शॉचे ‘पिग्मॅलियन’ मराठीत आणताना खरा प्रश्न उच्चारांचा होता : लंडनच्या बोलीच्या जागी कोणती मराठी ठेवायची? ती ठेवली आणि भक्ती बर्वे यांनी ती अशी उचलली की मूळ नाटक परदेशी आहे हे विसरायला होते. ज्याचा कान भाषेच्या सुरांवर आहे, अशाच माणसाचे हे काम.

अंतू बर्व्याची चाल

आता आपल्या गावाकडे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला अंतू बर्वा रत्नागिरीच्या मधल्या आळीतला. तिरकस, कफल्लक, कोणाचेही कौतुक सरळ न करणारा, आणि आतून एकटा पडलेला म्हातारा. पुलं रत्नागिरीचे जावई. सासुरवाडीला येणाऱ्या माणसाला गाव जसे ऐकू येते तसे गावातल्या माणसाला येत नाही. आपल्याला आपला हेल ऐकू येत नाही. त्यांना आला.

पुस्तक वाचा आणि मग त्यांच्याच आवाजात ऐका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर अंतूचा तिरकसपणा दिसतो. आवाजात त्याचे सानुनासिक उच्चार येतात, वाक्याच्या शेवटी खाली टाकलेला सूर येतो, आणि बोलण्याआधी घेतलेला तो छोटा थांबा येतो. हा माणूस लिहिलेला नाही, त्याला चाल लावलेली आहे. ‘म्हैस’ ऐकतानाही हेच जाणवते. कोकणच्या रस्त्यावर अडकलेली एक एसटी, डझनभर माणसे, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी. एकाच गळ्यातून निघालेली ती सगळी भांडाभांडी डोळे मिटून ऐकली तरी कोण बोलतो आहे ते चुकत नाही.

एक कबुली द्यायला हवी. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा हसलो ते हेलाला. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची नक्कल म्हणून. शेवटी अंतूच्या घरातली पोकळी येते, तिथे हसू का थांबते हे कळायला आणखी काही वर्षे आणि आजोबांचे जाणे लागले. रत्नागिरीत अंतूवर नाराज असलेली माणसेही भेटतात. गावाची टिंगल केली, आम्हाला सगळ्यांनाच कुजकट ठरवले, असे त्यांचे म्हणणे. हा राग अगदीच चुकीचा नाही. कोकणी माणसाचा साचा या एका पात्राने इतका पक्का केला की त्यातून बाहेर पडणे पुढच्या लेखकांनाही जड गेले. पण तो साचा पुलंनी पाडला, की आपण पूर्ण न ऐकता अर्धाच उचलला?

हिशेब कोणाच्या हातात होता?

या कारकिर्दीचे दुसरे नाव सुनीताबाई आहे. प्रयोगांचे व्यवस्थापन, करार, पैशांचा हिशेब, पुस्तकांची मुद्रिते, वेळेची शिस्त, हे सगळे त्यांच्याकडे. पुलं प्रसन्न आणि पसरलेले. बाई करड्या आणि नेमक्या. लोकांनी त्यांना कडक म्हटले आणि पुलंना लोभस. लोभस राहण्याची सोय कोण करत होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

उत्तर १९९० मध्ये आले. ‘आहे मनोहर तरी’ या आत्मकथनात सुनीताबाईंनी हा संसार जसा होता तसा मांडला. नवऱ्याच्या प्रतिभेवरचे प्रेम आणि त्याने गृहीत धरल्याची खंत, दोन्ही. महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबद्दल त्याच्या हयातीत, त्याच्याच घरातून असे पुस्तक येणे अनेकांना रुचले नाही. आज वाचताना त्यात चहाडी दिसत नाही, मोजमाप दिसते. साथीदाराला कोण साथ करते, हा प्रश्न विचारायला रत्नागिरीची एक बाई पुढे आली.

प्रयोग जोरात चालू असतानाच बंद करण्याची सवयही या दोघांची. चालते आहे म्हणून चालू ठेवायचे नाही. आणि प्रयोगांतून, पुस्तकांतून आलेला पैसा पु. ल. देशपांडे फाउंडेशनमार्फत सामाजिक कामांकडे गेला. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामागे ही मदत होती. आठ आण्यांत लग्न केलेल्या माणसांनी शेवटपर्यंत आपल्यासाठी फार काही ठेवले नाही.

बाकीचे थोडक्यात. १९६६ मध्ये पद्मश्री, १९९० मध्ये पद्मभूषण. १९७४ च्या इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. मुंबईच्या एनसीपीएचे मानद संचालकपद. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचारसभांत बोलले, आणि निवडणूक संपल्यावर राजकारणातून बाजूला झाले. १९९६ मध्ये महाराष्ट्र भूषण स्वीकारताना सत्तेला न रुचणारे बोलले आणि वाद झाला. तेव्हा ते आजारी होते. शेवटची वर्षे पार्किन्सनने घेतली. ज्या हातांना कधी उचलायचे ते कळत होते, ते हात थरथरू लागले.

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलं गेले. रत्नागिरीतल्या त्या लग्नाचा ५४ वा वाढदिवस होता. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ रोजी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुलंचा वाढदिवस होता.

मग ऐकायचे कसे?

रत्नागिरीत आर्ट सर्कल ‘पुलोत्सव’ भरवते. तिकडे गाणे असते, नाटक असते, गप्पा असतात. पण बहुतेकांची पुलंशी भेट आता मोबाइलवरच होते. कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून यूट्यूबवर आलेले तेच आवाज. बसमध्ये, लोकलमध्ये, रात्री झोप येत नसताना.

एक छोटी सूचना, तांत्रिक आहे. पॉडकास्ट ऐकताना आपण वेग दीडपट करून ठेवतो आणि ते सेटिंग तसेच राहते. काही अॅप शांत जागा आपोआप कापतात. अंतू बर्वा लावण्याआधी हे दोन्ही बंद करा. त्या फाइलमध्ये एका संध्याकाळचे सभागृह हसते आहे, आणि एक पेटीवाला ते हसू खाली येण्याची वाट बघत उभा आहे. दीडपट वेगात तो थांबा नाहीसा होतो आणि हाती फक्त वाक्ये राहतात. ती तुमच्या फॅमिली ग्रुपवर आधीच आहेत.